समुद्रात चहा ओतणारं, मुंबईला बर्फ पाठवणारं शहर: दोन दिवसांत बोस्टन कसं बघाल?

अमेरिका फिरायला जायचं म्हटलं की यादी ठरलेली असते. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टन आणि जमलंच तर लास व्हेगास. बोस्टन या यादीत येतं ते बहुतेक वेळा मुलाच्या किंवा मुलीच्या पदवीदान समारंभामुळे. समारंभ होतो, जॉन हार्वर्डच्या पुतळ्याच्या बुटाला हात लावून फोटो होतो आणि मंडळी बॅगा भरून पुढच्या शहराकडे निघतात.

पण बोस्टन हे मुळात विद्यापीठांचं नाही, बंदराचं शहर आहे. इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन लोकांनी ते १६३० मध्ये वसवलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची ठिणगी पडली ती इथल्या धक्क्यावर. मुंबईच्या उकाड्यात जहाजाने बर्फ येऊ लागला तोही इथूनच. आणि हेच बंदर एकेकाळी इतकं घाण झालं होतं की त्यावरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत टोमणे मारले गेले.

थोडक्यात, या शहराने आपल्या बंदरात वेळोवेळी काय काय टाकलं, याचा माग काढला की बोस्टन समजतं. त्यासाठी दोन दिवस पुरेसे आहेत. शनिवारी पायी फिरायचं, रविवारी पाण्यावर.

शनिवार सकाळ: लाल रेघ सोडायची नाही

बोस्टनमध्ये गाईड नसला तरी अडत नाही. फुटपाथवर एक लाल रेघ आहे. कुठे विटांची, कुठे रंगाने ओढलेली. तिच्यावरून चालत राहायचं. हीच ती ‘फ्रीडम ट्रेल’. साधारण ४ किलोमीटरची ही वाट १६ ऐतिहासिक ठिकाणं जोडते. विल्यम स्कोफील्ड नावाच्या पत्रकाराने १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. शहरात ऐतिहासिक जागा भरपूर होत्या, पण त्या सलग बघायची सोय नव्हती. एका रेघेने तो प्रश्न सुटला.

सुरुवात होते बोस्टन कॉमनपासून. १६३४ मध्ये राखून ठेवलेलं हे अमेरिकेतलं सर्वांत जुनं सार्वजनिक उद्यान. सुरुवातीला मात्र ते चक्क गायरान होतं. गावातल्या गायी इथे चरायच्या आणि हे १८३० पर्यंत चालू होतं. शेजारीच सोनेरी घुमटाचं स्टेट हाऊस, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याचं विधान भवन आहे.

तिथून पुढे ग्रॅनरी बरीइंग ग्राउंड ही जुनी दफनभूमी लागते. सॅम्युअल ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॉल रिव्हीअर असे स्वातंत्र्यलढ्यातले मोठे लोक इथे विसावले आहेत. त्यांच्याच बरोबर क्रिस्पस ॲटक्स हे नावही दिसतं. आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी वंशाचा हा खलाशी ५ मार्च १७७० रोजी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात मारला गेला. त्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या घटनेला ‘बोस्टन मॅसेकर’ म्हणतात.

हा गोळीबार झाला ती जागा ओल्ड स्टेट हाऊससमोर आहे. १७१३ च्या या इमारतीखाली आता मेट्रोचं स्टेशन आहे. गंमत म्हणजे, गोळीबार करणाऱ्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं ते जॉन ॲडम्स यांनी. तेच पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्याच गावच्या लोकांचा रोष पत्करून त्यांनी खटला लढवला. आठपैकी सहा सैनिक निर्दोष सुटले. आरोपी कोणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, हा धडा त्यांनी या तापलेल्या शहराला दिला.

चहा कुणाचा होता आणि तो का ओतला?

आता येतं ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस. १६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी या प्रार्थनागृहात सुमारे ५ हजार लोक जमले होते. बंदरात चहाने भरलेली तीन जहाजं उभी होती. डार्टमाऊथ, एलिनॉर आणि बीव्हर.

शाळेत आपण शिकतो की चहावर कर लावला म्हणून लोक चिडले. ते खरं आहे, पण अर्धंच. १७७३ च्या चहा कायद्याने चहा महाग झाला नव्हता, उलट स्वस्त झाला होता! मग अडचण कुठे होती?

हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती. लष्करी खर्च वाढला होता, १७७० च्या भीषण दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता आणि लंडनच्या गोदामांत न विकलेल्या चहाचे ढीग पडून होते. कंपनीला वाचवायला ब्रिटिश संसदेने तिला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. अमेरिकेतला आधीचा छोटा कर मात्र तसाच ठेवला.

अमेरिकेतल्या लोकांचं म्हणणं असं होतं की, ज्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर लावायचा अधिकार नाही. स्वस्त चहा घेतला की तो अधिकार मान्य केल्यासारखं होईल. शिवाय स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदाही बुडणार होता. त्यातले काही तर चोरट्या मार्गाने आणलेला चहा विकत होते. म्हणजे तत्त्व आणि पोट दोन्ही एकाच बाजूला होते.

रात्री अनेक जण मोहॉक आदिवासींचा वेश करून धक्क्यावर गेले. ३४२ पेट्या फोडून सुमारे ४२ टन चहा पाण्यात ओतला. नेमकी ओहोटी होती. पाणी इतकं उथळ होतं की चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचू लागले आणि ते ढकलून द्यावे लागले.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा चहा भारतातला नव्हता, चीनमधला होता. आसाममध्ये चहाचे मळे उभे राहायला अजून सहा दशकं जायची होती.

मराठी वाचकाला मात्र १७७३ हे साल वेगळ्याच कारणाने आठवेल. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथराव मदतीसाठी इंग्रजांकडे गेले. साष्टी आणि वसईवर डोळा ठेवून असलेल्या मुंबईकर इंग्रजांनी मार्च १७७५ मध्ये त्यांच्याशी सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं. पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिल १७७५ ला, बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली गोळी सुटली. जिच्या चहावरून बोस्टन पेटलं, तीच कंपनी इकडे मराठ्यांच्या घरच्या भांडणात शिरली होती.

शनिवार दुपार: ज्या हॉलला ‘स्वातंत्र्याचा पाळणा’ म्हणतात

फॅन्युएल हॉल ही १७४२ ची इमारत. वर सभागृह, खाली बाजार. ब्रिटिशांविरोधातल्या सभा इथे गाजल्या, म्हणून तिला ‘स्वातंत्र्याचा पाळणा’ म्हणतात. पण ही इमारत शहराला भेट देणाऱ्या पीटर फॅन्युएल या व्यापाऱ्याच्या संपत्तीचा काही भाग गुलामांच्या व्यापारातून आला होता. पुढे याच सभागृहात फ्रेडरिक डग्लस यांनी गुलामगिरीविरुद्ध भाषणं केली. ते स्वतः गुलामगिरीतून निसटून आले होते. इमारतीचं नाव बदलावं का, यावर बोस्टनमध्ये वाद झडत आला आहे. फोटो काढताना या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या.

इथे आणखी एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. हा हॉल बांधला तेव्हा तो पाण्याच्या काठावर होता. आज समुद्र बराच लांब आहे. असं कसं?

उत्तर मुंबईकरांना लगेच कळेल. भराव! मूळ बोस्टन हा एका चिंचोळ्या पट्टीने मुख्य भूमीला जोडलेला छोटा भूभाग होता. टेकड्या खणून, धक्क्यांमधल्या जागा बुजवून लोकांनी शहर वाढवत नेलं. १८५८ च्या सुमारास बॅक बे ही दलदलीची खाडी बुजवायला घेतली, तेव्हा शहराबाहेरून आगगाडीने खडी आणली जायची. तिथलं प्रसिद्ध ट्रिनिटी चर्च सुमारे साडेचार हजार लाकडी खांबांवर उभं आहे. हे खांब जमिनीखालच्या पाण्यात बुडालेले असतील तोवरच टिकतात, उघडे पडले की कुजतात. म्हणून या भागात आजही भूजलाच्या पातळीवर लक्ष ठेवावं लागतं. ज्या धक्क्यावर चहा ओतला, तो ग्रिफिन्स वार्फसुद्धा आता जमिनीखाली गेला आहे.

नॉर्थ एंड: मळीचा महापूर

पुढे रेघ नॉर्थ एंडमध्ये शिरते. हा बोस्टनचा इटालियन मोहल्ला. अरुंद गल्ल्या, पिझ्झा आणि पास्ता. शाकाहारी माणसाची इथे चांगली सोय होते. गोड चीज भरलेल्या कुरकुरीत नळ्या, म्हणजे कनोली, खाल्ल्याशिवाय निघू नका.

इथेच पॉल रिव्हीअरचं साधारण १६८० मधलं लाकडी घर आहे. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री ब्रिटिश फौज निघाल्याची खबर द्यायला हा चांदीचा कारागीर घोड्यावरून निघाला. जवळच्या ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील लावून फौज पाण्याच्या वाटेने येत असल्याची खूण केली गेली. गोष्टींमध्ये रिव्हीअर एकटाच हिरो असतो. प्रत्यक्षात त्या रात्री आणखीही स्वार निघाले होते आणि रिव्हीअर तर काँकर्डला पोहोचण्याआधीच पकडला गेला होता.

चर्चपासून खाली पाण्याकडे गेलात की एक छोटी पाटी दिसेल. ती चुकवू नका. १५ जानेवारी १९१९ ला इथली मळीची ५० फूट उंच टाकी फुटली. मळी म्हणजे तीच, आपल्या साखर कारखान्यांतून निघते ती. सुमारे ८७ लाख लिटर मळीची २५ फूट उंच लाट रस्त्यावरून धावली. २१ माणसं मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. ती धुऊन काढायला समुद्राचं खारं पाणी मारावं लागलं आणि कित्येक महिने बंदराचं पाणी तपकिरी होतं.

टाकी आधीपासून गळत होती. मालक कंपनीने ती दुरुस्त करण्याऐवजी तपकिरी रंग दिला, म्हणजे गळती दिसायला नको! अपघातानंतर कंपनीने घातपाताचा दावा केला. पण अनेक वर्षं खटला चालून शेवटी कंपनीच जबाबदार ठरली आणि त्यानंतर बांधकामांच्या तपासणीचे नियम कडक झाले.

संध्याकाळी पूल ओलांडून चार्ल्सटाऊनला जा. तिथे यूएसएस कॉन्स्टिट्यूशन उभी आहे. १७९७ मध्ये पाण्यात उतरलेली ही युद्धनौका आजही अमेरिकी नौदलाच्या सेवेत नोंदलेली आहे. अशी अजून तरंगणारी जगातली सर्वांत जुनी युद्धनौका हीच. (ब्रिटनमध्ये अजून तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ मात्र १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली आहे.) पायात दम असेल तर बंकर हिलच्या स्मारकाच्या २९४ पायऱ्या चढा. लिफ्ट नाही. पाहायला वर गेलात तर सगळं बंदर दिसतं. परतताना पुलावरून चालण्याऐवजी नेव्ही यार्डवरून लाँग वार्फची बोट पकडा. थोडक्या पैशांत शहराचं पाण्यावरून दर्शन होतं.

रविवार सकाळ: लाँग वार्फ आणि मुंबईचा बर्फ

लाँग वार्फ हा अठराव्या शतकातला धक्का. एकेकाळी तो सुमारे अर्धा किलोमीटर समुद्रात गेलेला होता.

बोस्टनकडे विकायला काय होतं? कापूस नाही, मसाले नाहीत. पण कडाक्याची थंडी होती. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या तरुणाच्या डोक्यात आलं की तळ्यांवर फुकट गोठणारा बर्फ कापून उष्ण देशांत विकावा. १८०६ मध्ये त्याने पहिलं जहाज कॅरिबियनमधल्या मार्टिनिकला पाठवलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. तो कर्जबाजारी झाला, तुरुंगातही गेला, पण थांबला नाही. बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात रचल्या की कमी वितळतात, हे कळल्यावर धंदा जमला. भुसा लाकूड कापणाऱ्या गिरण्यांमधून जवळजवळ फुकट मिळायचा.

१८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कोलकात्याला पोहोचलं. सुमारे १०० टन बर्फ तेव्हाही शिल्लक होता! पुढच्या वर्षी मुंबईतही बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, हा किस्सा मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत बर्फ साठवायला ‘आइस हाऊस’ बांधली गेली. मुंबईचं पाडलं गेलं. चेन्नईचं मात्र मरीना किनाऱ्यावर उभं आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तिथे राहिले होते, म्हणून आज ते विवेकानंदर इल्लम या नावाने ओळखलं जातं.

बंदराचं गटार झालं तेव्हा

आता गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. विसाव्या शतकात बोस्टन आणि आसपासच्या डझनावारी गावांचं सांडपाणी याच बंदरात सोडलं जायचं. प्रक्रिया केंद्रं होती, पण जुनी, मोडकळीला आलेली. त्यातून निघालेला गाळ भरती-ओहोटीच्या हिशेबाने पुन्हा समुद्रातच सोडत. ओहोटी घेऊन जाईल, हा विचार! पाणी परत येतं, हे सोयीस्करपणे विसरलं जायचं.

१९८२ मध्ये शेजारच्या क्विन्सी शहराचा सरकारी वकील सकाळी किनाऱ्यावर धावत होता. आपला पाय कशात पडतोय हे त्याच्या लक्षात आलं. ती मानवी विष्ठा होती. त्याच वर्षी क्विन्सी शहराने कोर्टात धाव घेतली. पाठोपाठ पर्यावरणवादी संस्था आणि केंद्र सरकारची पर्यावरण यंत्रणाही कोर्टात गेली. १९८८ च्या निवडणुकीत जॉर्ज बुश (थोरले) यांनी बोस्टन बंदरात बोटीतून फेरी मारून प्रतिस्पर्धी आणि राज्याचे गव्हर्नर मायकल डुकाकिस यांना याच घाणीवरून घेरलं.

काम मात्र भाषणांनी नाही, कोर्टाच्या वेळापत्रकाने झालं. न्यायाधीशांनी तारखा ठरवून दिल्या आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. १९९१ च्या अखेरीस गाळ समुद्रात टाकणं थांबलं. डिअर आयलंडवर नवं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. २००० मध्ये प्रक्रिया केलेलं पाणी १५ किलोमीटर लांबच्या बोगद्याने खोल समुद्रात जाऊ लागलं. याच बोगद्याच्या शेवटच्या कामात १९९९ मध्ये दोन पाणबुड्यांचा जीव गेला. एकूण खर्च ४ अब्ज डॉलर्सच्या आसपास आणि त्याचा मोठा भाग सामान्य लोकांनी वाढलेल्या पाणीपट्टीतून भरला.

आज त्या बंदरात सील दिसतात, लोक पोहतात.

रविवार दुपार: कचऱ्याच्या डोंगरावर सहल

हा बदल डोळ्यांनी बघायचा असेल तर लाँग वार्फवरून स्पेक्टॅकल आयलंडची बोट घ्या. साधारण २० मिनिटांचा प्रवास. या बेटावर आधी मेलेल्या घोड्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना होता, नंतर शहराचा कचरा डेपो. १९९० च्या दशकात बोस्टनने शहर दुभंगणारा उड्डाणमार्ग पाडून रस्ता जमिनीखाली नेला. ‘बिग डिग’ नावाचा हा प्रकल्प अफाट खर्चामुळे बदनाम झाला. पण त्यातून निघालेली माती या बेटावर टाकून कचरा झाकला गेला, झाडं लावली आणि २००६ मध्ये बेट लोकांसाठी खुलं झालं. आता तिथे पोहण्याचा किनारा आणि टेकडीवर जाणारी पायवाट आहे.

याच बंदरातल्या डिअर आयलंडची एक काळी आठवणही आहे. १६७५ च्या हिवाळ्यात वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांना तिथे नेऊन डांबलं. थंडी आणि उपासमारीने शेकडो जण मेले. लाल रेघ तिथवर जात नाही.

परत आल्यावर संध्याकाळी हार्बरवॉकवर चाला. पाण्याच्या कडेने जाणारी ही सार्वजनिक वाट जवळपास ७० किलोमीटरची आहे. किनाऱ्यावर महागडी हॉटेलं आणि इमारती आहेत, तरी त्यांच्यापुढून कुणीही चालत जाऊ शकतं. भरतीच्या पट्ट्यावर जनतेचा हक्क असतो, हे तत्त्व इथल्या कायद्यात वसाहतकाळापासून आहे.

जाण्याआधी हे लक्षात ठेवा

• मे ते ऑक्टोबर हा चांगला काळ. बेटांच्या बोटी हंगामातच चालतात, म्हणून आधी वेळापत्रक बघा.

• जुन्या शहरात गाडी नेऊ नका. रस्ते अरुंद, पार्किंग महाग. ‘टी’ या नावाने ओळखली जाणारी मेट्रो पुरते. अमेरिकेतला पहिला भुयारी रेल्वेमार्ग १८९७ मध्ये इथेच सुरू झाला.

• लाल रेघेवरून चालणं फुकट आहे. कॉन्स्टिट्यूशन आणि बंकर हिललाही तिकीट नाही. जहाजावर जायला मोठ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

• उन्हाळ्यातही बोटीवर वारा झोंबतो. जॅकेट घ्याच.

• लहान मुलं सोबत असतील तर काँग्रेस स्ट्रीटच्या पुलाजवळ टी पार्टीचं संग्रहालय आहे. तिथे जहाजाच्या प्रतिकृतीवरून चहाची खोटी पेटी पाण्यात फेकायला मिळते. पेटी दोरीने बांधलेली असते आणि पुन्हा वर ओढून घेतली जाते.

बोस्टनपुढचा पुढचा प्रश्न समुद्राच्या वाढत्या पातळीचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये भरतीचा जुना उच्चांक मोडला आणि पाणी थेट लाँग वार्फवरच्या मेट्रो स्टेशनात शिरलं. भराव घालून मिळवलेली जमीन समुद्र परत मागतोय. चहा ओतायला एक रात्र पुरली होती, बंदर स्वच्छ करायला कोर्टाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं लागली. ही तिसरी लढाई किती काळ चालेल, हे लाँग वार्फवर भरतीच्या वेळी उभं राहिलं की विचारावंसं वाटतं.